बाजूच्या बटणामागे कोण?

सिरी मुळात ॲपलची नव्हती. कॅलिफोर्नियातल्या एसआरआय इंटरनॅशनल या संशोधन संस्थेत अमेरिकी संरक्षण खात्याच्या पैशावर ‘कॅलो’ नावाचा प्रकल्प चालला होता, त्यातून ती निघाली. डॅग किटलॉस, ॲडम चेयर आणि टॉम ग्रुबर यांनी तिच्यासाठी वेगळी कंपनी काढली आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तिचे ॲप आयफोनवर आले. हॉटेलात टेबल राखून ठेवणे, टॅक्सी मागवणे, सिनेमाची तिकिटे शोधणे ही कामे ते बोलण्यावरून करत असे. ब्लॅकबेरी आणि अँड्रॉइड फोनवरही ते आणायचे, असे कंपनीने सांगून ठेवले होते. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, ॲपलने ती कंपनी विकत घेतली. ऑक्टोबर २०११ मध्ये आयफोन ४एस बरोबर सिरी नव्याने आली आणि त्याच महिन्यात जुने स्वतंत्र ॲप बंद पडले. ज्यांच्या हातात आधीचा आयफोन ४ होता, त्यांच्याकडे काल चालणारी सिरी आज चालेना. ब्लॅकबेरी आणि अँड्रॉइडचा तर विषयच मिटला.

फोनवरचे एआय असिस्टंट आणि स्पर्धा कायदा यांची गोष्ट सहसा जून २०२४ पासून, युरोपातून सांगितली जाते. कायदा कडक झाला म्हणून लोकांना नवी सोय मिळाली नाही, असा तिचा सूर असतो. मला ती २०१० पासून सांगावीशी वाटते. एखादा असिस्टंट माणसापर्यंत पोहोचत नाही तेव्हा त्यामागे दरवेळी सरकारच असते असे नाही. पुष्कळदा तो आधीच कुणाच्या तरी करारात अडकलेला असतो, आणि त्या अडकण्याची बातमी होत नाही.

असिस्टंट हे इतर ॲपसारखे ॲप नाही, हे आधी नीट पाहायला हवे. कॅल्क्युलेटर कुणाचाही चालतो. उघडला, बेरीज केली, बंद केला. असिस्टंटला मात्र हाक ऐकावी लागते. फोन खिशात आहे, पडदा काळा आहे, तरी ठरावीक दोन शब्द कानावर पडताच त्याने जागे व्हायचे. त्यासाठी फोनमधला एक छोटा, अत्यल्प वीज खाणारा भाग सतत कान देऊन असतो, आणि तो भाग कोणाचे शब्द ओळखणार हे फोनची प्रणाली बनवणारी कंपनी ठरवते. बाजूचे बटण दाबून धरल्यावर कोण उठणार, तेही तीच ठरवते. पुढे पडद्यावर काय दिसते आहे ते वाचणे, आईचा संदेश शोधणे, दुसऱ्या ॲपमध्ये शिरून तिकीट काढणे, या प्रत्येक कामाला परवानगी लागते. घरच्या असिस्टंटला या सगळ्या किल्ल्या जन्मतःच मिळतात. बाहेरचा कितीही हुशार असला तरी त्याला आधी फोन उघडा, मग ॲप शोधा, मग बोला, अशा रांगेत उभे राहावे लागते. घाईत असलेला माणूस त्या रांगेला थांबत नाही.

युरोपला ही रांग आधीपासून ठाऊक होती. गूगल स्वतःच्या खरेदी-सेवेला शोधात झुकते माप देते, या तक्रारीची औपचारिक चौकशी युरोपीय आयोगाने २०१० मध्ये सुरू केली. २.४२ अब्ज युरोंचा दंड झाला २०१७ मध्ये आणि त्यावर सर्वोच्च युरोपीय न्यायालयाची मोहोर उठली सप्टेंबर २०२४ मध्ये. चौदा वर्षे! ज्या लहान कंपन्यांनी तक्रार केली होती, त्यांच्या धंद्याचे एवढ्या काळात काय उरणार? अँड्रॉइडचेही तसेच झाले. प्ले स्टोअर हवे असेल तर गूगलचा शोध आणि क्रोमही फोनमध्ये भरा, या अटीबद्दल जुलै २०१८ मध्ये ४.३४ अब्ज युरोंचा विक्रमी दंड ठोठावला गेला. २०२२ मध्ये तो थोडा कमी होऊन कायम राहिला, तोवर फोनचा बाजार केव्हाच दोन प्रणालींत वाटला गेला होता. गुन्हा घडून गेल्यावर दशकभराने शिक्षा करून बाजार पुन्हा उघडत नाही, हा धडा ब्रसेल्सने यातून घेतला. म्हणून २०२२ मध्ये डिजिटल मार्केट्स ॲक्ट आला. या कायद्यात आधी गुन्हा सिद्ध करावा लागत नाही. ज्यांची युरोपातली उलाढाल साडेसात अब्ज युरो किंवा बाजारमूल्य पंचाहत्तर अब्ज युरो आहे आणि ज्यांच्या सेवेचे महिन्याला साडेचार कोटी युरोपीय वापरकर्ते आहेत, अशांना ‘द्वारपाल’ ठरवायचे आणि त्यांनी काय करायचे, काय नाही, हे आधीच सांगून ठेवायचे. सप्टेंबर २०२३ मध्ये सहा द्वारपाल जाहीर झाले: अल्फाबेट, ॲमेझॉन, ॲपल, बाइटडान्स, मेटा आणि मायक्रोसॉफ्ट. ७ मार्च २०२४ पासून नियम पाळणे बंधनकारक झाले. मोडल्यास जगभरच्या उलाढालीच्या दहा टक्क्यांपर्यंत दंड, पुन्हा मोडल्यास वीस.

आपल्या गोष्टीतला कळीचा नियम सहाव्या कलमाच्या सातव्या परिच्छेदात आहे. फोनच्या प्रणालीतली जी सुविधा द्वारपाल स्वतःच्या सेवेला देतो, ती त्याने इतरांनाही तितक्याच चांगल्या रीतीने आणि फुकट द्यावी, असा त्याचा आशय. हा मजकूर पक्का झाला तेव्हा चॅटजीपीटी बाजारात आलेलेही नव्हते.

१० जून २०२४ ला ॲपलने क्युपर्टिनोत ‘ॲपल इंटेलिजन्स’ जाहीर केले. पत्राचा मसुदा सुधारणारे, सूचनांचा गोषवारा देणारे, आणि तुमच्या फोनमधले सगळे संदर्भ ध्यानात ठेवून उत्तर देणारी नवी सिरी कधीतरी पुढे देणारे. अकरा दिवसांनी, २१ जूनला, कंपनीने सांगितले की हे युरोपीय महासंघात त्या वर्षी येणार नाही. त्यासोबत आयफोनचा पडदा मॅकवर दाखवण्याची सोयही नाही. कारण दिले डिजिटल मार्केट्स ॲक्टमधली अनिश्चितता: इतरांना दारे उघडायला लावली तर वापरकर्त्याच्या खासगीपणाशी आणि सुरक्षिततेशी तडजोड होईल, असे ॲपलचे म्हणणे. त्या वेळच्या स्पर्धा आयुक्त मार्गरेट व्हेस्टेअर यांनी आठवडाभरातच जाहीर कार्यक्रमात याचा समाचार घेतला. जिथे आपली पकड आधीच घट्ट आहे तिथे या सोयीने स्पर्धा आणखी मोडेल, याची ही उघड कबुलीच आहे, अशा अर्थाचे त्या बोलल्या.

व्हेस्टेअर यांचा टोला टाळ्या घेणारा होता, पण मला तो पुरता पटत नाही. त्या कायद्याने अशी सेवा आणायला मनाई कुठेच केलेली नाही, हे खरे. आणायची की नाही हा निर्णय ॲपलचाच होता. पण कायद्याचा मजकूर ढोबळ होता हेही तितकेच खरे. ‘तितक्याच चांगल्या रीतीने’ म्हणजे नेमके काय, कोणत्या सुविधा, किती मुदतीत, याचे तपशील तोवर कुणी लिहून दिले नव्हते. दहा टक्के उलाढालीचा दंड डोक्यावर टांगलेला असताना कंपनीच्या वकिलांनी ‘थांबा’ म्हणणे अगदीच आडमुठेपणाचे नव्हते. आणि थांबल्याने आयोगावर आयताच दबाव येत असेल, तर तोही कंपनीला नकोसा नव्हता. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात.

त्या शरद ऋतूत युरोपात जे घडले ते विचित्रच होते. ऑक्टोबरच्या अखेरीस ॲपल इंटेलिजन्स अमेरिकी इंग्रजीत सुरू झाले. पॅरिसमधल्या एखाद्या लेखनिकेच्या टेबलावर मॅक आणि शेजारी आयफोन असेल, तर मॅकची भाषा इंग्रजी करून तिला तिथे ते वापरता येत होते. शेजारच्या फोनवर मात्र नाही. कारण मॅकची प्रणाली द्वारपालांच्या यादीत नव्हती. आयफोनची होती, आणि एप्रिलमध्ये आयपॅडचीही त्या यादीत भर पडली होती. त्याहून पुढची गंमत खात्याची. बंदी लागू होई ती माणूस युरोपीय महासंघात असेल आणि त्याचे ॲपल खातेही तिथलेच असेल तेव्हा. त्यामुळे पॅरिस पाहायला आलेल्या अमेरिकी पाहुण्याचा फोन सुखाने मसुदे सुधारत होता आणि त्याला रस्ता सांगणाऱ्या पॅरिसकराचा तसाच फोन मुका होता. ३१ मार्च २०२५ ला आयओएस १८.४ आले तेव्हा हे संपले; फ्रेंच, जर्मन, इटालियन, स्पॅनिश भाषांसह युरोपातल्या आयफोनना ती सोय मिळाली. अमेरिकेहून पाच महिने उशीर झाला. ज्या नव्या सिरीसाठी एवढा गाजावाजा झाला होता, ती तर तोवर अमेरिकेतही आलेली नव्हती. तिचा उशीर कुठल्याही कायद्याच्या माथी मारता येत नाही, तो अभियांत्रिकीचा होता.

इथे एक गल्लत नेहमी होते. युरोपात एआय उशिरा येते म्हटले की सगळे एकाच गोणीत भरले जाते. इटलीने मार्च २०२३ अखेर चॅटजीपीटी महिनाभर बंद पाडले ते खासगी माहितीच्या कायद्याने. गूगलचे बार्ड जुलै २०२३ पर्यंत महासंघात आले नाही, मेटाने आपला असिस्टंट जून २०२४ मध्ये रोखून धरला, तेही आयर्लंडच्या माहिती-संरक्षण आयोगाशी चाललेल्या वादांमुळे. हे प्रश्न वेगळे. माझी माहिती तुम्ही कशासाठी वापरता, हा त्यांचा सवाल. स्पर्धा कायदा विचारतो: माझ्या फोनवर दुसरा कुणी येऊ शकतो का?

आयोगाने ढोबळ मजकुराला तपशील द्यायचे काम सप्टेंबर २०२४ मध्ये हाती घेतले आणि १९ मार्च २०२५ ला ते पूर्ण केले. इतर कंपन्यांच्या घड्याळांवर आयफोनच्या सूचना दिसणे, दुसऱ्यांचे हेडफोन जवळ आणताच जोडले जाणे, अशा नऊ सुविधा कोणत्या मुदतीत खुल्या करायच्या याची यादीच ॲपलच्या हाती दिली. ॲपल न्यायालयात गेले. मेटा एकट्यानेच असे पंधरा प्रवेश मागते आहे आणि ते मिळाले तर लोकांचे संदेश आणि फोटो त्यांच्या हाती पडतील, अशी हाकाटी कंपनीने आदल्या डिसेंबरातच केली होती. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. किल्ली कोणाला द्यायची याबरोबरच ती घेऊन तो घरात काय करणार, यावरही कायद्याने तेवढेच लक्ष ठेवायला हवे. सप्टेंबर २०२५ मध्ये तोच खेळ पुन्हा झाला: एअरपॉड्समधून समोरच्याचे बोलणे भाषांतरित होऊन ऐकू येण्याची सोय युरोपला वगळून आली. त्याच महिन्यात ॲपलने अख्खा कायदाच रद्द करा अशी मागणी केली. नोव्हेंबरात मात्र जाहीर झाले की भाषांतर डिसेंबरमध्ये युरोपात येईल, आणि ते आले. चोवीस अधिकृत भाषांच्या महासंघाला भाषांतराची सोय तीन महिने मिळू नये, ही किंमत लहान नव्हती. त्यापायी जो युरोपीय माणूस चिडला, त्याच्या बाजूने मी उभा राहीन.

पण दुसऱ्या बाजूचे नुकसान मोजायला एप्रिल २०२५ मध्ये वॉशिंग्टनच्या न्यायालयात जावे लागते. न्यायाधीश अमित मेहता यांनी आदल्या ऑगस्टमध्येच गूगलला शोधातली बेकायदा मक्तेदार ठरवले होते. ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये आपला शोध आधीपासून बसवलेला राहावा म्हणून गूगलने २०२१ या एका वर्षात २६.३ अब्ज डॉलर वाटले होते. आता प्रश्न होता उपायांचा. सरकारी वकिलांचे म्हणणे असे की हाच डाव गूगल एआयमध्ये खेळते आहे. गूगलच्या अधिकाऱ्याने साक्षीत सांगितले की सॅमसंगच्या फोनमध्ये जेमिनी आधीपासून घालून देण्यासाठी कंपनी जानेवारीपासून दर महिन्याला पैसे देते, आणि करार किमान दोन वर्षांचा आहे. त्याच जानेवारीत सॅमसंगचा गॅलेक्सी एस२५ आला होता. त्याचे बाजूचे बटण दाबून धरले की सॅमसंगचा स्वतःचा बिक्सबी उठत नाही, जेमिनी उठतो. मालकाच्याच घरात मालकाचा असिस्टंट बाहेरच्या खोलीत गेला.

पर्प्लेक्सिटी या छोट्या कंपनीच्या अधिकाऱ्याची साक्ष मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा क्षण वाटतो. त्याने सांगितले की मोटोरोलाच्या फोनवर आपला असिस्टंट मुख्य म्हणून बसवण्याची दोघांचीही इच्छा होती, पण मोटोरोलाला गूगलशी झालेल्या करारातून सुटता आले नाही. दुसऱ्याच दिवशी मोटोरोलाने नवे रेझर फोन जाहीर केले. पर्प्लेक्सिटी त्यात होती, पण मुख्य असिस्टंट म्हणून जेमिनीच. त्या फोनच्या ग्राहकाला आपल्याला काय मिळाले नाही हे कधी कळलेच नसते. ॲपलने युरोपात जे अडवले त्याची जगभर बातमी झाली, निषेध झाले, तारखा लागल्या. मोटोरोलाच्या बटणामागे जो येऊ शकला नाही, त्याची कुठे तारीख लागली नव्हती. एक खटला उभा राहिला आणि शपथेवर कुणाला तरी बोलावे लागले, म्हणून ते बाहेर आले.

२ सप्टेंबर २०२५ ला मेहता यांनी निकाल दिला. क्रोम विकायला लावले नाही, पैसे देण्यावरही बंदी घातली नाही. पण शोध, क्रोम, असिस्टंट आणि जेमिनी यांच्यासाठी दुसऱ्याला अटकाव करणारे करार बेकायदा ठरवले. डिसेंबरात त्यांनी आणखी घट्ट केले: असा मुख्य जागेचा करार एका वर्षापलीकडे नको. दरवर्षी बोली नव्याने लागणार. अनेकांना हा निकाल मवाळ वाटला. मला तो एआयच्या बाबतीत तरी वेळेवर आलेला वाटतो, कारण शोधाच्या बाबतीत जे दहा वर्षांनी कळले ते इथे पहिल्याच वर्षी धरले गेले.

आपल्याकडे या वादाची पायाभरणी भारतीय स्पर्धा आयोगाने केली आहे. २० ऑक्टोबर २०२२ ला आयोगाने अँड्रॉइड प्रकरणी गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. अपिलात दंड कायम राहिला, काही आदेश गळाले. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारल्यावर गूगलने जाहीर केले की भारतात फोन कंपन्यांना गूगलची ॲप सुटी सुटी घेता येतील, सगळी एकगठ्ठा घ्यावी लागणार नाहीत. त्या आदेशात एआय असिस्टंट केंद्रस्थानी नव्हते. पण जेमिनीसारखी गोष्ट फोनमध्ये कशी शिरते हे ठरवणारे करार तेच आहेत, आणि मराठी माणसासाठी तर हा प्रश्न भाषेपर्यंत येतो. १८ जून २०२४ ला, म्हणजे ॲपलने युरोपला नकार देण्याच्या तीनच दिवस आधी, जेमिनीचे ॲप भारतात मराठीसह नऊ भारतीय भाषांत आले. त्याआधी २०१८ मध्ये गूगल असिस्टंट मराठी बोलू लागला होता. एप्रिल २०२५ मध्ये ॲपल इंटेलिजन्स भारतात आले ते इंग्रजीत; मराठी त्यात नव्हती. म्हणजे सातारच्या शेतकऱ्याला आयफोन परवडला तरी तिथला घरचा एआय त्याच्या भाषेत मसुदा लिहून देत नाही, आणि मराठी चांगली जाणणारा दुसरा कुणी असला तर त्याला बाजूच्या बटणामागे जागा नाही. ही तूट कुठल्याही स्पर्धा कायद्याने आणलेली नाही. उलट अशा कायद्यानेच ती भरण्याची थोडी आशा आहे, कारण लहान भाषेचे काम सहसा लहान खेळाडू करतो.

हाच झगडा पुढे फोनवरून व्हॉट्सॲपमध्ये शिरला. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेटाने व्यावसायिक वापराच्या अटी बदलल्या: १५ जानेवारी २०२६ पासून सर्वसाधारण गप्पा मारणारे एआय व्हॉट्सॲपवर चालणार नाहीत. चॅटजीपीटी आणि मायक्रोसॉफ्टचा कोपायलट यांना व्हॉट्सॲप सोडावे लागले. मेटाचा स्वतःचा असिस्टंट निळ्या-जांभळ्या वर्तुळात तिथेच राहिला. इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २४ डिसेंबरला मेटाला ही अट तूर्त रोखण्याचा आदेश दिला आणि युरोपीय आयोगानेही चौकशी उघडली. ज्या देशात लग्नाच्या पत्रिकेपासून दुधाच्या हिशेबापर्यंत सगळे व्हॉट्सॲपवर चालते, त्या आपल्या देशात एक दार बंद झाले आणि त्यावर फारशी चर्चाही झाली नाही, याचे मला वाईट वाटते. ज्याच्याकडे साधा फोन आहे आणि नवे ॲप उतरवायला जागा नाही, त्याच्यासाठी व्हॉट्सॲपवरचा एआय हाच एकमेव एआय होता.

सगळ्यांत थेट उत्तर आले जपानमधून. तिथे स्मार्टफोनसाठीचा वेगळा स्पर्धा कायदा जून २०२४ मध्ये संसदेत संमत झाला आणि १८ डिसेंबर २०२५ पासून पूर्ण लागू झाला. ॲपलने त्याच महिन्यातल्या आयओएस २६.२ मध्ये जपानी वापरकर्त्यांना बाजूच्या बटणावर सिरीऐवजी दुसऱ्या कंपनीचा बोलका असिस्टंट बसवण्याची मुभा दिली. टोकियोतला माणूस बटण दाबून धरतो आणि त्याने निवडलेला असिस्टंट उठतो. ॲपलने ही मुभा जपानपुरतीच ठेवली. तांत्रिक अडचणींचे जे डोंगर इतकी वर्षे दाखवले जात होते, ते एका देशासाठी ओलांडता आले. म्हणजे पुण्यात किंवा मिलानमध्ये जे नाही ते तंत्रज्ञानामुळे नाही, हे आता कुणी नाकारू शकणार नाही.

नव्या वर्षात घडामोडींनी वेग घेतला. १२ जानेवारी २०२६ ला ॲपल आणि गूगलने संयुक्तपणे जाहीर केले की ॲपलची पुढची एआय प्रारूपे, आणि त्यांवर उभी राहणारी सिरी, गूगलच्या जेमिनीवर आधारलेली असतील. करार अनेक वर्षांचा. फोनच्या दोन प्रणाली उरल्या होत्या, आता दोन्हींच्या असिस्टंटमागची बुद्धीही एकाच घरातून येणार. पंधरा दिवसांनी, २७ जानेवारीला, युरोपीय आयोगाने गूगलविषयी तशीच तपशील लिहिण्याची प्रक्रिया सुरू केली, जी ॲपलविषयी केली होती: अँड्रॉइडमधल्या ज्या सुविधा जेमिनी वापरतो त्या इतर एआय कंपन्यांना कशा मिळतील, हे ठरवायचे. त्यासाठी आयोगाने स्वतःला मुदत घालून घेतली ती सहा महिन्यांची.